वाचकांचे प्रश्न : ई-क्लासच्या पिढ्या

मर्सिडीज-बेंझच्या ई-क्लास मोटारीविषयी नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. तो प्रश्न एका गाडीपुरता असला, तरी त्याचे उत्तर सत्तर वर्षांच्या इतिहासातून काढावे लागते.

प्रश्न : वडिलांनी १९९६ साली घेतलेली ई २२० आमच्या गंगापूर रोडच्या घराच्या आवारात उभी आहे. वडील आता नाहीत. गाडी चालू स्थितीत आहे, पण महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. मुलांचे म्हणणे, ती विकून टाकावी. ओळखीच्या मेकॅनिकने ही ई-क्लासची पहिली पिढी असल्याचे सांगितले. ते खरे आहे का, आणि ही गाडी जपण्याच्या योग्यतेची आहे का?

आपल्या मेकॅनिकचे म्हणणे नावापुरते खरे आहे. आपली गाडी डब्ल्यू १२४ या सांकेतिक नावाच्या पिढीतील आहे. ही पिढी १९८४ च्या अखेरीस जर्मनीत आली, तेव्हा तिला ई-क्लास म्हणत नसत. त्या काळी आकड्याच्या मागे ई हे अक्षर लागे, जसे ३०० ई, आणि त्याचा अर्थ इंजिनात पेट्रोल इंजेक्शनने सोडले जाते एवढाच होता. १९९३ मध्ये कंपनीने नावांची पद्धत बदलली, ई पुढे आला आणि २२० मागे गेला. त्यामुळे ई-क्लास हे नाव अधिकृतपणे मिरवणारी पहिली गाडी हीच ठरते. घराणे मात्र त्याहून बरेच जुने आहे.

त्याची सुरुवात सामान्यतः १९५३ च्या १८० या मॉडेलपासून मोजतात. त्यापूर्वीच्या मर्सिडीज मोटारींमध्ये आपल्या ट्रकमध्ये असते तशी वेगळी चासी असे आणि तिच्यावर बॉडी बसवली जाई. १८० मध्ये चासी आणि बॉडी एकजीव झाली. त्यानंतर १९६१ मध्ये मागे शेपटीसारखे पंख असलेली पिढी आली. तिचे पंख लोकांच्या लक्षात राहिले, पण तिचे खरे महत्त्व पत्र्याच्या आत होते. बेला बारेनी या अभियंत्याने १९५१ मध्ये एका कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता : गाडीचा मधला, माणसे बसण्याचा भाग कणखर ठेवावा आणि पुढचा व मागचा भाग धडकेत मुद्दाम चेपला जाईल असा करावा. तोवर गाडी जितकी दणकट तितकी सुरक्षित, असाच समज होता. प्रत्यक्षात सगळीकडून दणकट असलेली गाडी धडकेचा सारा हिसका आतल्या माणसांच्या शरीरापर्यंत पोचवते. बोनेट आणि डिकी चेपण्यात तो जोर खर्ची पडला, तर माणसे वाचतात. मोठ्या मर्सिडीजमध्ये ही रचना १९५९ मध्ये आली आणि दोनच वर्षांत या मधल्या वर्गातही उतरली. आज आपल्या रस्त्यावरच्या लहानात लहान मोटारीतही ती असते. या घराण्याविषयी मला जो आदर वाटतो, त्याचे मोठे कारण हे आहे.

१९६८ ते १९७६ या काळातील पिढी सुमारे १९ लाख आणि तिच्यानंतरची डब्ल्यू १२३ सुमारे २७ लाख खपली. डब्ल्यू १२३ साठी सुरुवातीच्या काळात जर्मनीतील ग्राहकांना वर्षाहूनही अधिक काळ थांबावे लागे. जगभरच्या टॅक्सीचालकांनी तिला आपलेसे केले. तिच्यात १९८० पासून एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकने चाके अडकू न देणारी यंत्रणा, आणि १९८२ पासून चालकासाठी एअरबॅग जादा पैसे देऊन मिळू लागली.

आता आपल्या गाडीकडे वळू. मर्सिडीजचे डिझाइन प्रमुख ब्रुनो सॅको यांच्या देखरेखीखाली तिचा आकार ठरला. डोळ्यांना साधा, जवळपास चौकोनी वाटणारा हा आकार वाऱ्याला फार थोडा विरोध करतो. त्या वेळी सेडानमध्ये ०.४ च्या आसपास असलेला वाऱ्याच्या रोधाचा गुणांक या गाडीने ०.३ पर्यंत आणि काही मॉडेलांत त्याच्याही किंचित खाली नेला. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी धरणारे सस्पेंशन तिने धाकट्या १९० या मॉडेलकडून घेतले. रस्त्यातल्या खड्ड्याने चाक कितीही वरखाली झाले, तरी टायर जमिनीवर सरळ टेकलेला राहावा, यासाठी ती जुळणी आहे. पुढच्या भागाच्या एकाच बाजूवर बसणाऱ्या धडकेचाही तिच्या रचनेत विचार केलेला होता, कारण समोरासमोरच्या बहुतेक अपघातांत चालक शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवतो आणि धडक अर्ध्याच भागावर बसते.

आपण पावसाळ्यात इगतपुरीहून कसारा घाट उतरला असाल, तर या गाडीचा एकुलता एक वायपर आपल्या लक्षात आला असेल. तो नुसता अर्धवर्तुळात फिरत नाही; फिरता फिरता काचेच्या वरच्या कोपऱ्यांकडे लांबतो आणि मध्यावर आखडतो. त्यामुळे एकाच पात्याने काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. एका वायपरसाठी एवढी यंत्रणा उभी करणारी माणसे गाडीच्या न दिसणाऱ्या भागांत किती खोल उतरली असतील, याची मला नेहमी जाणीव होते. मर्सिडीजच्या मधल्या वर्गातील सर्व पिढ्यांत अभियांत्रिकीच्या सचोटीने मी याच पिढीला पहिले स्थान देईन.

भारताच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे. १९९४ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांनी मिळून भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ मध्ये पिंपरी येथे हीच गाडी जुळवली जाऊ लागली. भारतात जुळवलेली ही पहिली मर्सिडीज मोटार. त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा पुढच्या पिढीने घेतली होती, म्हणजे आपल्याकडे ती तिकडच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी आली. म्हणून तिची योग्यता कमी होत नाही. उलट दहा वर्षांच्या सुधारणा पोटात घेऊन ती इथे आली.

जपण्यासारखी आहे का, याचे माझे उत्तर निःशंकपणे होय असे आहे. मात्र महिन्यातून एकदा फिरवणे हे जपणे नव्हे. आठवड्यातून निदान एकदा त्र्यंबक रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर न्यावी, म्हणजे इंजिन पुरते तापेल, सायलेन्सरमधील पाणी उडून जाईल आणि ब्रेक गंजणार नाहीत. सस्पेंशनचे रबर बुश वयानेच कडक होतात, गाडी कमी चालली म्हणून ते वाचत नाहीत. तेव्हा ते तपासून घ्यावेत. सर्वांत आधी इंजिनवरच्या वायरिंगकडे पाहावे. १९९० च्या दशकातील पहिल्या काही वर्षांत या गाड्यांत वापरलेल्या वायरींचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. मग इंजिन अडखळू लागते आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओकडे नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांकडेही लक्ष असू द्यावे. गाडीला पन्नास वर्षे झालेली नसल्याने व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा लाभ तिला अजून मिळणार नाही.

मुलांना एकदा घाटातून ती चालवू द्या, आणि मगच विकण्याचा विषय काढा.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे डिझेलच्या नॉझलवर काम करून मी निवृत्त झालो. ई-क्लासच्या इतिहासात डिझेलचे स्थान किती आहे, हे आपल्याकडून ऐकायला आवडेल.

आपल्यासारख्या वाचकाला उत्तर देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण सुईइतक्या छिद्रांची अचूकता म्हणजे काय, हे आपण हातांनी जाणता. डिझेलला या घराण्यात मानाचे स्थान आहे. १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने २६० डी ही मोटार मांडली. तिचे २.६ लिटरचे इंजिन ४५ अश्वशक्तीचे होते आणि इंधन सोडण्याचा पंप बॉशचा होता. डिझेलवर चालणाऱ्या, कारखान्यातून मालिकेने निघालेल्या अगदी पहिल्या प्रवासी मोटारींत तिची गणना होते. १९७४ मध्ये २४० डी ३.० या गाडीत पाच सिलिंडरचे डिझेल इंजिन आले. चार सिलिंडरचे इंजिन अपुरे पडत होते आणि सहा सिलिंडरचे इंजिन त्या बोनेटखाली लांबीला जड जात होते, म्हणून निघालेला तो मार्ग. जोर अवघा ८० अश्वशक्तीचा, पण आयुष्य विलक्षण. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने १९७६ ची आपली २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. या काळात त्याने इंजिने अनेकदा बदलली, हेही सांगितले पाहिजे. पण बॉडी तीच होती.

आपल्या कामाशी थेट नाते असलेला बदल १९९७ चा. जुन्या पद्धतीत पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे दाब देई, त्यामुळे इंजिन हळू फिरत असताना दाबही कमी राही आणि डिझेलचा फवारा जाड पडे. कॉमन रेल पद्धतीत एका सामाईक नळीत दाब सदैव तयार असतो आणि नॉझल केव्हा उघडायचे ते विजेवर ठरते. मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर इंधन सोडता येऊ लागल्याने डिझेलची ती ओळखीची खडखड कमी झाली. फियाट समूहात वाढलेली ही कल्पना बॉशने उत्पादनाच्या पातळीवर आणली. मर्सिडीजमध्ये ती प्रथम ई-क्लासहून लहान असलेल्या सी-क्लासमध्ये आणि १९९८ मध्ये ई-क्लासमध्ये आली. डिझेल गाडी ही काटकसरीची तडजोड मानली जात असे, ती मालकाने अभिमानाने निवडावी अशी झाली, याचे श्रेय मी गाडीच्या आकाराला किंवा चामड्याच्या सीटला देणार नाही. ते पंपाचे आणि नॉझलचे आहे, आणि त्यात आपल्या व्यवसायातील माणसांचा वाटा आहे.

प्रश्न : २००४ ची ई-क्लास मला चांगल्या किमतीत मिळते आहे. इंदिरानगरमधील एका परिचितांनी तिच्या ब्रेकविषयी सावध केले. त्यात तथ्य आहे का?

तथ्य आहे. २००२ मध्ये आलेल्या डब्ल्यू २११ या पिढीत विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा होती. पायाने पेडल दाबले, की तो दाब तेलातून थेट चाकाकडे जाण्याऐवजी संवेदकाने मोजला जाई आणि प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा ते संगणक ठरवी. वीज किंवा पंप निकामी झाल्यास पुढच्या चाकांसाठी तेलाची साधी वाट राखलेली होती, पण तेव्हा पेडल फार जोराने आणि खोलवर दाबावे लागे. कल्पना चांगली होती. ओल्या रस्त्यावर ती ब्रेक हलकेच लावून चकत्या कोरड्या ठेवी. तरीही २००४ आणि २००५ मध्ये कंपनीला फार मोठ्या संख्येने गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ च्या सुधारित आवृत्तीत नेहमीची तेलावरची यंत्रणा परत आली. चूक मान्य करून माघार घेणे कोणत्याही नामांकित कंपनीला सोपे नसते.

आपण घेत असलेली गाडी त्या बदलाच्या आधीची आहे. ब्रेकचा पंप किती वेळा वापरला गेला याची नोंद गाडी स्वतः ठेवते आणि मर्यादा आली की तो बदलण्याची सूचना देते. ही नोंद संगणकावर वाचून दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये. पंप आधीच बदललेला असेल, तर त्याची पावती मागावी. गाडी घेण्याच्या किमतीइतकाच पुढच्या दुरुस्तीचा पैसा हाताशी नसेल, तर २००६ नंतरची गाडी मिळेपर्यंत थांबावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे मिळणारी ई-क्लास युरोपातील गाडीपेक्षा लांब का असते?

कारण आपल्याकडे या गाडीचा मालक बहुधा मागे बसतो. युरोपात तो स्वतः चालवतो, म्हणून तिथे गाडी चपळ हवी असते. डब्ल्यू १२४ पासून २००९ च्या डब्ल्यू २१२ पर्यंत आपण तिथलीच लांबी स्वीकारली. चीनसाठी लांब आवृत्ती आधीच तयार होत होती. २०१७ मध्ये ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह भारतात आली आणि चाकण येथे तयार होऊ लागली. पुणे-नाशिक महामार्गाने आपण ज्या चाकणवरून जातो, तेच हे चाकण. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर त्याच पिढीच्या युरोपीय गाडीतील २,९३९ वरून ३,०७९ मिलिमीटर झाले. वाढलेले १४० मिलिमीटर जवळजवळ संपूर्ण मागच्या प्रवाशाच्या पायांना मिळाले, आणि मागची पाठ ३७ अंशांपर्यंत कलती झाली. २०२४ मध्ये आलेल्या पिढीत हेच अंतर ३,०९४ आणि गाडीची एकूण लांबी ५,०९२ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही आपली ५ सिरीज भारतात लांब रूपात आणली, यावरून हा निर्णय एका कंपनीच्या लहरीचा नव्हता हे दिसते.

आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून दुसरी बाजू आकृती काढून पाहा. चाकांमधील अंतर वाढले, की उंचवट्यावरून जाताना गाडीचे पुढे-मागे डोलणे कमी होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तशा वेगात मागे बसून कागदपत्रे वाचणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. पण स्टिअरिंग तेवढेच फिरवले, तर लांब गाडी मोठे वर्तुळ घेते, आणि उंच गतिरोधकावर तिचे पोट घासण्याची शक्यता वाढते. रविवार कारंजा ते भद्रकाली या भागातील गल्ल्यांत ती वळवणाऱ्या चालकाला विचारा. आपल्या प्रकल्पाच्या वहीसाठी तो उत्तम आकडे देईल.

स्वतः चालवणाऱ्या भारतीय ग्राहकाला मात्र ई-क्लासची साधी आखूड सेडान इथे निवडता येत नाही, याची मला खंत वाटते. डब्ल्यू १२४ च्या स्टिअरिंगमागे बसून कसारा घाट चढलेल्या माणसाला त्या आवृत्तीची किंमत नक्की कळली असती.