दोन वर्षांची मुलगी रात्री उठून आमच्या अंथरुणात येते. तिला स्वतःच्या पलंगावर झोपायची सवय कशी लावावी?
पूर्ण झोप लागण्याआधीच, डोळे जड झाले की तिला तिच्या पलंगावर ठेवा. रात्री उठून आली तर दर वेळी न रागावता, फारसं न बोलता परत तिथेच नेऊन झोपवा. लहान मुलांची झोप रात्रीतून अनेकदा चाळवतेच. मांडीवर झोपी गेलेलं मूल मध्येच जागं झालं की तीच मांडी शोधतं. पलंगावर झोपी गेलेलं बहुधा तिथेच पुन्हा डोळे मिटतं. एका रात्री परत नेलं आणि दुसऱ्या रात्री जवळ घेतलं, तर रडणं वाढतं, म्हणून आजी-आजोबांशीही आधी बोलून ठेवा. दुपारची झोपही पाहा: या वयाला ती धरून २४ तासांत एकूण ११ ते १४ तास झोप लागते. मात्र मुलगी रोज घोरत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.