बघत होतो, तरी दिसलं नाही

"मॅडम, मी स्क्रीनकडेच बघत होतो. झोप नीट झालेली होती. तरी मला दिसलं नाही. मी या कामाला लायक आहे का?"

तिशीतला सहवैमानिक. त्या दिवसापासून विमान उतरायला लागलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे अनेक वैमानिक मला हा प्रश्न विचारतात, आणि विचारणारे बहुतेक कामसूच असतात.

त्या दिवशी त्याचं ए-३२० विमान संगणकाने आखलेल्या उतारावरून खाली येत होतं. जमिनीवरच्या कंट्रोलरने दिशा बदलायला सांगितली, कॅप्टनने हेडिंगचा नॉब ओढला. या विमानात तसं केलं की आखलेला उतार सुटतो आणि ऑटोपायलट त्या क्षणी असलेला उतरण्याचा वेग धरून बसतो. डिस्प्लेच्या वरच्या पट्टीवर 'डीईएस' (आखलेला उतार) जाऊन 'व्ही/एस' (धरलेला उतरण्याचा वेग) येतं. नव्या अक्षरांभोवती पांढरी चौकट असते, ती काही सेकंदच. थोड्या वेळाने कॅप्टनच्या लक्षात आलं की उंची जास्त राहिली आहे. पंखांवरचे स्पीडब्रेक लावले, विमान नीट उतरलं. कॅप्टन तो प्रसंग विसरलेही असतील.

मी त्याला तेवढेच काही सेकंद सावकाश सांगायला लावले. तो थांबत थांबत बोलत गेला आणि मध्येच अडला. "तेव्हा मी... नवी रेडिओ फ्रिक्वेन्सी परत म्हणून दाखवत होतो." कंट्रोलरने दिशा आणि फ्रिक्वेन्सी एका दमात दिली होती. फ्रिक्वेन्सी लावेपर्यंत चौकट गेलेली. पुढे त्याने पट्टीवर दोनदा नजर टाकली, पण मनात 'डीईएस' पक्कं बसलेलं, मग डोळ्यांनीही तेच वाचलं.

"हे निष्काळजी माणसाच्याच हातून होतं ना?" त्याने विचारलं.

मी त्याला १९९२ची आठवण करून दिली. स्ट्रासबर्गजवळ एक ए-३२० डोंगरावर आदळलं, ८७ माणसं गेली. चौकशीत पुढे आलेली एक शक्यता अशी: वैमानिकांना ३.३ अंशांचा उतार हवा होता, यंत्रणा मात्र मिनिटाला ३,३०० फुटांनी उतरत होती. डिस्प्लेवर दोन्हींसाठी ३ आणि ३ हेच आकडे. नंतर उतरण्याचा वेग चार आकडी दाखवायला सुरुवात झाली. नुसतं 'लक्ष द्या' सांगून भागलं असतं तर डिस्प्ले बदलायची गरजच नव्हती.

मग एकच सवय ठरवली. नॉबला हात लागला, मग तो कॅप्टनचा का असेना, की पट्टीवर आता काय यायला हवं ते आधी मनात म्हणायचं आणि मगच वाचायचं, तेही मोठ्याने. उत्तर आधी ठरलेलं असलं की चुकीची अक्षरं डोळ्यात खुपतात. रेडिओमुळे राहून गेलं तर बोलणं संपताच पट्टी पहिल्यापासून वाचायची.

खरी अडचण वेगळीच निघाली: कॅप्टनसमोर मोठ्याने बोलायचा संकोच. त्यावर आणखी दोन बैठका गेल्या.

महिन्याभराने तो आला. "परवा म्हणालो, 'सर, व्ही/एस आलंय.' आवाज कापत होता."

"मग?"

"ते म्हणाले, 'हो, मीच लावलंय.'" आणि तो मोकळेपणाने हसला.