कोडी सुटतात, पेपर सुटत नाही

“कोडं घातलं की उत्तर तयार असतं, पण तशीच उदाहरणं पेपरात आली की पान कोरं. कोडी बंद करून नुसते सरावसंच सोडवून घेऊ का?” नववीतल्या मुलाची आई हा प्रश्न घेऊन आली होती. बरेच पालक थोड्याफार फरकाने हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलासमोर एक जुनं कोडं ठेवलं. कोंबड्या आणि ससे मिळून डोकी ३५, पाय ९४. ससे किती? त्याने लगेच १२ सांगितले. कसे काढलेस? “सगळ्यांनी दोन-दोन पाय वर उचलले. ७० गेले, २४ उरले. ते फक्त सशांचे, म्हणून १२.” उत्तम. मग कागद पुढे करून हेच लिहायला सांगितलं. त्याने ‘१२’ लिहिलं आणि पेन ठेवून दिलं.

अडचण नेमकी इथे होती. विचार पक्का होता, तो कागदावर उतरवायची सवय नव्हती. आणि पेपरात गुण पायऱ्यांना असतात. अशा मुलाची कोडी बंद केली तर त्याला जे जमतंय तेवढंच काढून घेतल्यासारखं होतं.

त्याच्याच वाक्यांखाली समीकरणं मांडली. क्ष ही कोंबड्यांची संख्या, य ही सशांची. (नुसतं ‘क्ष = कोंबड्या’ लिहिणारी मुलं पुढे क्ष म्हणजे पाय की डोकी यात हमखास घोळ घालतात.) क्ष + य = ३५ आणि २क्ष + ४य = ९४. पहिल्याला २ ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की २य = २४. “म्हणजे पाय उचलले ते हेच?” हो, हेच. वर्गात पाठ केलेली रीत आणि स्वतःची युक्ती एकच आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.

युक्ती समजली आहे की नुसती लक्षात आहे, हे आकडे बदलून कळत नाही. रचना बदलावी लागते. तीन पायांची स्टुलं आणि चार पायांच्या खुर्च्या मिळून २०, पाय ६८. त्याने सवयीने दोन-दोन पाय उचलले, २८ उरले, आणि गाडी अडली. आई लगेच म्हणाली, “अरे, तीन उचल ना!” घरीही हेच होत असणार. तिला थांबवलं. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, “स्टुलाचा अजून एक उरलाय, खुर्चीचे दोन. परत एक-एक उचलू.” २८ मधून २० गेले, खुर्च्या ८, स्टुलं १२. लांबचा रस्ता होता, पण त्याचा होता.

घरासाठी सांगितलं ते असं. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, एकच कोडं. पानाचे तीन रकाने: बोललेलं जसंच्या तसं, चित्र किंवा तक्ता, मग चिन्हांत. लगेच त्याच जातीची पुस्तकातली दोन उदाहरणं. ही जोड राहून गेली तर कोडं हे कोडंच राहतं. घड्याळ लावायचं नाही. अडला तर आईने सूचना न देता विचारायचं: काय दिलंय, काय हवंय, लहान आकडे घेऊन पाहिलंस का?

वजाबाकीत हातचे चुकत होते, त्यासाठी गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ चा खेळ दिला. चारही सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा करून ६१७४ यायलाच हवा. नाही आला तर चूक कुठेतरी आहे, आणि ती सांगायला मोठं माणूस लागत नाही. एक खाच आहे. २१११ पासून सुरुवात केली की ०९९९ येतात. पुढचं शून्य गाळलं तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास.

सांख्यिकीचा धडा तर त्याला निव्वळ सूत्रांचा वाटत होता. म्हणून स्वतःच्या झोपेची आठवड्याची नोंद ठेवायला सांगितली. त्याने लिहून आणलं: ७.३०, ८.००, ६.४५, ७.१५, ७.३०, ९.३०, ८.१५. बेरीज ५३.६५, भागिले ७, सरासरी ७.६६. किती झोपलास? “सात तास सहासष्ट...” आणि तो गप्प झाला. तास-मिनिटांतला टिंब दशांशचिन्ह नाही, हे असं सापडलेलं विसरत नाही. मिनिटांत एकूण ३२८५, सरासरी सुमारे ४६९, म्हणजे ७ तास ४९ मिनिटं. मध्यक (नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) मात्र ४५०, साडेसात तास. फरक का? साडेनऊ तासांची सुट्टीची रात्र झाकून उरलेल्या सहांची सरासरी काढली: ४५२.५. एका रात्रीने सरासरी जवळपास १७ मिनिटं वर ओढली होती. ‘मध्यक कधी वापरावा’ या पाठ केलेल्या उत्तरापेक्षा हे कितीतरी बरं. नोंद ठेवताना एवढं पाहावं: राहून गेलेल्या दिवशी जागा मोकळी सोडायची, शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे रात्रभर जागरण.

पुढच्या चाचणीत गुणांची उडी नव्हती. भूमिती अजून कच्चीच आहे. पण शाब्दिक उदाहरणांखाली पायऱ्या दिसू लागल्या आणि अर्धवट सोडवलेल्यांनाही गुण मिळाले.

हा उपाय सगळ्यांना लागू नाही. मोठ्या वयातही दोन संख्यांतली मोठी कोणती हे चटकन कळत नसेल, काट्यांचं घड्याळ वाचता येत नसेल, साध्या बेरजांनाही बोटं सुटत नसतील, तर कोड्यांचा मारा करू नये. तिथे आधी गणनअक्षमतेची (डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजण्यातच मुळात येणारी अडचण) तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.