संगमरवर साखरेसारखा का चमकतो, आणि देवघराला कोणता घ्यावा?

चमकतं ते कॅल्साइट नावाचं खनिज. चुनखडक जमिनीखाली दाबात आणि उष्णतेत सापडला की त्यातले शंख-शिंपले पुसले जातात आणि कॅल्साइटचे नवे दाणे एकमेकांत घट्ट अडकून वाढतात. तुटलेल्या कडेला प्रत्येक दाणा सपाट फुटतो, म्हणून साखर आठवते. करड्या-पिवळ्या रेषा मूळ खडकातल्या माती, लोह, ग्रॅफाइटच्या.

देवघराचं वाचलं आणि राहवलं नाही. मी भूविज्ञानात बीएस्सी केलेली. सासरी देवघराला राजस्थानातल्या मकराण्याचा पांढराशुभ्र मार्बल, सासऱ्यांनी स्वतः निवडून आणलेला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला देव चिंचेने उजळले आणि ओलं ताम्हन तिथेच राहिलं. सकाळी दगडावर गोल, निस्तेज कडं. पुसलं, धुतलं, जाईना. ‘हिला कामाची सवय नाही’ हे सगळ्यांसमोर ऐकलं. दुकानदाराने फोनवर व्हिनेगर लावायला सांगितलं. मी नको नको म्हणत असताना जाऊबाईंनी लावलं, आणि हातभर पट्टा खरबरीत झाला. तोही माझ्याच नावावर.

तो डाग नव्हताच! डाग म्हणजे दगडात काही मुरणं. इथे दगडच विरघळला होता. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि चिंचेतलं टार्टारिक आम्ल ते खातं. उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवले, तर सासरे म्हणाले, ‘ताजमहाल याच दगडाचा, साडेतीनशे वर्षं उभा आहे.’ तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देते. त्याच ताजमहालाला कोळशाच्या धुरातून होणाऱ्या आम्लाचा धोका आहे म्हणून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भोवतालच्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर तिथून हला, असं सांगितलं. दगड तोच, आम्लही आम्लच. यात सुनेच्या हाताचा काय दोष?

सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप, लावून घ्या म्हणतील. त्याने तेल, कुंकू मुरणं कमी होतं, पण आम्लाने पॉलिश जाणं थांबत नाही. गेलेलं पॉलिश फक्त घासून परत येतं. आमचा पट्टा पॉलिशवाल्याने मशीन फिरवून काढला, कडं अजून पुसट दिसतं. ओट्याला तर मार्बल घेऊच नका, ग्रॅनाइट घ्या.

देवघराला घ्या की, सुंदर दिसतो. फक्त देव उजळायचे ते मोरीत, आणि पंचामृताचं दही सांडलं तर लगेच पाण्याने पुसायचं. एक सांगायचं राहिलं, सगळे मार्बल कॅल्साइटचे नसतात. राजस्थानातल्याच राजनगरकडचा बराचसा डोलोमाइटी असतो, म्हणजे त्यात कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असतं, तो आम्लाला सावकाश दाद देतो. तिकडच्याच केसरियाजीचा हिरवा तर खरा मार्बलच नाही, तो सर्पेंटाइन या वेगळ्याच हिरव्या खनिजाचा खडक. दुकानातून पॉलिश केलेला तुकडा मागून आणा, त्यावर चिंचेचा कोळ रात्रभर ठेवा आणि सकाळी उजेडात तिरका धरून बघा. देव उजळणारी जी कोणी असेल, तिलाही दाखवा.