गळा तयार करताना

गाण्याची पट्टी, म्हणजे आपला 'सा' कुठे धरायचा, ते गुरूंना ठरवू द्या. आवडती गायिका काळी पाचात (पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, पाचव्या काळ्या सुरात) गाते म्हणून आपणही तिथेच ताणायचं, हा हट्ट नको.

सकाळी तानपुरा लावून (ॲप चालेल, पण इअरफोन नको) मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरा: सा, नी, ध, प. एका स्वरावर एक पूर्ण श्वास. खालचा पंचम आधी धूसर येईल, नुसती हवा निघेल. तिथे जोर लावून आवाज जाड करू नका. जबडा आवळला की आकाराचा (मोकळ्या 'आ'चा) 'ॲ' होतो. आरशात लगेच दिसतं.

सूर पेटीवर तपासायची सवय लावून घेऊ नका. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या (खालच्या 'सा'च्या) तारेतून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. कान त्या तारेवर तयार झाला पाहिजे.

'गोड आवाज' हे ध्येय मला तरी पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचा टोकदार, नाजूक स्वर ऐका आणि लगेच केसरबाई केरकरांचा भरदार, मोकळा आकार. दोन्ही अस्सल, पण जात वेगळी. नक्कल मात्र कुणाचीच नको. कुमार गंधर्वांनी क्षयानंतर एका फुप्फुसाच्या जोरावर आपली गायकी उभी केली, ती त्यांच्या श्वासाची होती.

दही-लोणच्याचं पथ्य मी फारसं पाळत नाही. घसा बसला की मात्र रियाज बंद. दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर काढे पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.