इंदूरच्या परिसराची ईटी काढताय? सुरुवात गव्हापासून करा
ईटी, म्हणजे मातीतून आणि पानांतून मिळून उडणारे पाणी. इथे ती उपग्रहाच्या चित्रांवरून काढायची आहे. सोयाबीनवर हात बसवू नका. पावसाळ्यात माळव्यावर ढग हटत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीतला गहू घ्या. लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी चित्र मिळते.

खरी मेख पिक्सेल, म्हणजे चित्रातले ठिपके, निवडण्यात. एक थंड घ्यायचा, जिथे ईटी सर्वाधिक, आणि एक गरम, जिथे ती जवळपास शून्य; बाकीचे पिक्सेल या दोघांच्या मधे बसवायचे. थंड पिक्सेल भरपूर पाणी दिलेल्या दाट गव्हाचाच हवा. यशवंत सागर तलावाचा नको, पाणी उष्णता साठवते आणि हिशोब बिघडतो. गरम पिक्सेल कोरड्या, उघड्या काळ्या रानाचा. शहरातल्या पत्र्यांचा मुळीच नाही. (चकचकीत पत्रा उपग्रहाला चक्क थंड दिसू शकतो!)

वाऱ्याचा वेग १० मीटर उंचीवरचा असेल तर ०.७५ ने गुणून २ मीटरवर आणा, मगच पेनमन-माँटीथ सूत्रात घाला. हे सूत्र हवामानावरून संदर्भ ईटी, म्हणजे भरपूर पाणी मिळालेल्या प्रमाण गवताची ईटी, काढते. नाहीतर संदर्भ ईटी उगाच फुगते.