वाचक विचारतात : टेबलावरच्या रुळांशेजारी एक फाउंड्री

मी ३५ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, फाउंड्रीत म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, लाकडी पॅटर्न केले. जी वस्तू लोखंडात ओतायची, तिची आधी लाकडात प्रतिकृती करायची आणि मग ती वाळूत दाबून साचा काढायचा. निवृत्तीनंतर रिकामे हात घरातल्या छोट्या रेल्वेकडे वळले. गेल्या अंकात त्याबद्दल चार ओळी लिहिल्या, तर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. रूळ टाकून झाले, गाडी फिरते, आता कडेला कारखाना कसा उभा करायचा, हाच बहुतेकांचा प्रश्न. त्यातली चार पत्रं घेतो.

नमस्कार. मुलानं जर्मनीहून एचओची गाडी पाठवली आहे. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडवर गोल रूळ टाकलाय. मोकळ्या जागेत फाउंड्री, साखर कारखाना आणि सिमेंटचा प्लांट असे तिन्ही बसवायचा विचार आहे. तयार किट महाग पडतात. घरी जमेल काय?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी

जमेल की. पण तीन नकोत, एकच करा. आणि तो एक फाउंड्रीच असू दे. मी फाउंड्रीतला म्हणून सांगत नाही, हिशेबानं सांगतो. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान. आपल्याकडची मध्यम शेड धरा ३० मीटर लांब, १२ मीटर रुंद. ८७ ने भागा, साडेचौतीस सेंटिमीटर बाय चौदा सेंटिमीटर झाली. म्हणजे काहीही न छाटता अख्खी फाउंड्री तुमच्या बोर्डावर बसते. साखर कारखाना किंवा सिमेंटचा प्लांट त्याच हिशेबानं केला तर हॉलमधून गॅलरीत जाईल.

सुरुवात मोजपट्टीनं करू नका. संध्याकाळी तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत एक चक्कर मारा. कागदावर दोन रकाने पाडा, आत काय येतं आणि बाहेर काय जातं. आत येतं पिग आयर्न म्हणजे कच्च्या लोखंडाच्या लाद्या, भंगार, कोक म्हणजे भट्टीचा कोळसा, चुनखडी, वाळू. बाहेर जातं कास्टिंग म्हणजे ओतून झालेली वस्तू, मळी म्हणजे स्लॅग, आणि जळकी काळी वाळू. या प्रत्येकाला अंगणात जागा द्या. इमारत कितीही सुबक झाली आणि दारात भंगाराचा ढीग नसला, तर ती फाउंड्री न दिसता शाळा दिसते. माझी पहिली तशीच झाली होती.

आता क्युपोला, म्हणजे उभी भट्टी. तीन फूट व्यासाची भट्टी १:८७ मध्ये साडेदहा मिलिमीटरची होते. संपलेल्या स्केचपेनाची नळी घ्या, जवळपास तेवढीच भरते. खऱ्या भट्टीत माल वरून टाकतात, म्हणून पाच मीटर उंचीवर फलाट आणि दार असतं. तुमच्याकडे ते बोर्डापासून ५७ मिलिमीटरवर येईल. फलाटावर जायला जिना ठेवा, तो बरेच जण विसरतात. मग कोकची टोपली घेतलेला माणूस वर चढला कसा? भट्टीशेजारी हवा फुंकणाऱ्या ब्लोअरची पेटी आणि तिच्यापासून भट्टीला गेलेला जाड पाइप हवा. अलीकडे पुष्कळ ठिकाणी इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेच्या भट्ट्या आल्या. तिथं ही चिमणी नसते, ट्रान्सफॉर्मर आणि जाड केबली असतात. तेव्हा तुमच्या गाडीचा काळ कोणता ते आधी ठरवा. वाफेच्या इंजिनाशेजारी इंडक्शन फर्नेस शोभणार नाही.

भट्टीच्या उजेडात सगळे चुकतात. लाल एलईडी लावून बसतात. ओतायच्या वेळी लोखंडाचा रस १,४०० अंशांच्या आसपास असतो. तो लाल नसतो, पिवळा-पांढरा असतो, डोळ्यांत भरतो. लाल दिसायला लागला तर रस थंड झाला, कास्टिंग गेलं. वॉर्म व्हाइट एलईडी घ्या, त्यावर नारिंगी रंगाचा पातळ हात द्या, १२ व्होल्टवर १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. बटण वेगळं ठेवा. लहान फाउंड्रीत भट्टी रोज लागत नाही, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी लागते. बाकीचे दिवस मोल्डिंगचे म्हणजे साचे काढायचे, आणि फेटलिंगचे म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचे. सतत पेटलेली भट्टी बघून उद्यमबागेतला माणूस हसेल.

छपराचे पत्रे विकत आणू नका. सिमेंटच्या पत्र्याच्या दोन पन्हाळ्यांत १४६ मिलिमीटर अंतर असतं, ८७ ने भागून १.७ आलं. एम-१२ च्या, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीच्या, रॉडवरच्या आट्यांचं अंतर १.७५. म्हणजे नटबोल्टच्या दुकानात तुमचा साचा तयारच आहे! हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा धुऊन त्याचा सपाट तळ कापा, रबराच्या तुकड्यावर ठेवा, वरून रॉड दाबून लाटा. स्वयंपाकघरातली फॉइल फार पातळ, बोट लागलं की पन्हाळी जाते. सबंध छप्पर एका तुकड्यात करू नका. १२ मिलिमीटर रुंदीचे पत्रे कापून एकावर एक चढवत चिकटवा, एखादा जरा वाकडा बसू दे.

अंगणात टाकायला खरी फाउंड्रीची काळी वाळू वापरावी असं मलाही वाटलं होतं. चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यानं बसवली, दिसायला झकास. आठव्या दिवशी इंजिन करकरायला लागलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला लोखंडाचे बारीक कण दाढीसारखे चिकटलेले. ओतताना उडालेले थेंब आणि फेटलिंगचा चुरा त्या वाळूत असतोच, आणि ३५ वर्षं त्याच वाळूत काढलेल्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये! तेव्हा आधी वाळू कागदावर पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन-चारदा फिरवा, पिशवी उलटी करून कण टाकून द्या. रुळाच्या जवळ तरीही साधी चाळलेली नदीची वाळू काळी रंगवून टाका.

फाउंड्रीच्या दारापर्यंत रूळ नेण्याचा मोह होईल. आवरा. मी उद्यमबागेत मालगाडी फाउंड्रीत शिरलेली कधी पाहिली नाही, सगळा माल ट्रकनं. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला एक मालधक्का करा, तिथं वॅगनी उभ्या करा आणि धक्का ते फाउंड्री असा खड्डे पडलेला रस्ता दाखवा. आपली बॉक्सएन म्हणजे वरून उघडी वॅगन १०.७ मीटरची, म्हणजे तुमच्याकडे १२.३ सेंटिमीटर. चार वॅगनी आणि इंजिन पाऊण मीटरच्या आत मावतं.

रुळांच्या मापाबद्दल तुमच्या मुलाला शंका आहे असं पत्रात खाली लिहिलंय. ती बरोबर आहे. तुमचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. ८७ ने गुणलं की १,४३५ येतं, ते युरोपचं माप. आपली ब्रॉडगेज १,६७६ ची, तिला १९ च्या वर लागले असते. हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. मी पहिली शेड सवयीनं पॅटर्नमेकरच्या पट्टीनं मोजून कापली होती. लोखंड थंड होताना शंभरात एक आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवर शंभर म्हणजे एकशे एक. अख्खी शेड एक टक्का मोठी झाली. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काका, मी नववीत आहे. हंगामात आमच्या घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या जातात. मला साखर कारखानाच करायचाय. बोर्ड फक्त चार फुटांचा आहे.
— एक विद्यार्थी, चिकोडी तालुका

वर मी साखर कारखाना नको म्हटलं ते मोठ्यांसाठी. तू रोज बघतोस, तू कर. पण सगळा करू नको. तुझे चार फूट म्हणजे खऱ्या जगातले १०६ मीटर. त्यात फक्त उसाचं आवार आणि गव्हाण, म्हणजे ऊस गिरणीत टाकायची जागा, कर. मागचं मिल हाउस, बॉयलर हाउस हे भिंतीला टेकलेले नुसते दर्शनी भाग, चार सेंटिमीटर खोलीचे. सनबोर्डाचे चालतील.

६० मीटरची चिमणी हिशेबानं ६९ सेंटिमीटरची होईल आणि बाकी सगळं खाऊन टाकेल. ती ३५ ची कर, पाइप वरच्या टोकाला थोडा निमुळता घासून घे. मात्र माणसाच्या हाताखालच्या वस्तू एक मिलिमीटरही लहान करायच्या नाहीत. दार २४ मिलिमीटर, माणूस १९, बैलगाडी, वजनकाट्याची खोली, शिडी सगळं मापात. डोळा यांच्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधतो, म्हणून आखूड चिमणीही उंच वाटते.

ऊस करायला तागाची सुतळी उसवून तिचे धागे पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडव, ताणून वाळव आणि तीन सेंटिमीटरचे तुकडे काप. वीस-पंचवीस तुकड्यांची एक मोळी. ट्रॉलीतून चार-दोन ऊस रस्त्यावर पडलेले दाखव, आणि ते उचलायला धावणारी तुझ्याएवढी दोन पोरं. बगॅसच्या म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगाला चाळलेला लाकडाचा भुसा वापर. मी एकदा वापरलेली चहापावडर वाळवून टाकली, जून उजाडला आणि ढिगाला पांढरी बुरशी आली. त्याआधीचा पराक्रम ऐक. मळीच्या टाकीखाली गळलेली मळी खरी दिसावी म्हणून मी काकवी लावली. दोन दिवसांत मुंग्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा वेळेवर धावायला लागली! काळ्या-तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निशचा हात पुरे. (साखर कारखान्यात मळी म्हणजे काकवीची बहीण, आमच्या फाउंड्रीत मळी म्हणजे दगडासारखी स्लॅग. वरचं उत्तर वाचून गोंधळू नको.)

चिमणीच्या तोंडाला कापूस लावू नको. गाडी फिरते आणि धूर जागचा हलत नाही, ते बरं दिसत नाही.

आमच्याकडची जुनी कौलारू शेड करायची आहे. कौलाचा रंग काही केल्या जमत नाही, फार भगवा होतो. प्रत्येक कौल वेगळं कापावं लागेल का?
— एक वाचक भगिनी, खानापूर

रंग विकत कशाला घेता ताई, खानापुरात राहून? फुटक्या कौलाचा तुकडा खलबत्त्यात कुटा, धोतराच्या कापडातून गाळा. छपराला मॅट रंगाचा ओला हात देऊन वरून ती पूड भुरभुरवा. पावसाच्या बाजूला कोळशाची पूड आणि जरासा शेवाळी हिरवा.

एकेक कौल कापायचं नाही. मंगळुरी कौल या मापात पाच मिलिमीटरपेक्षाही लहान होतं. कार्डाच्या पट्ट्या कापून खालून वर ओळीनं चढवा, प्रत्येक पट्टीवर तीन-तीन मिलिमीटरवर सुईनं रेघ ओढा. पाच-सहा कौलं तेवढी वेगळी कापून सरकलेली दाखवा.

भावोजी, तुमच्या लेखामुळे आमच्या ह्यांनी जेवणाचं टेबल अडवलंय. वर एमडीएफचा बोर्ड, त्यावर वाळू आणि गेरू. पावसाळ्यात बोर्ड वाकला म्हणून आता नवा आणतो म्हणतात. काहीतरी सांगा त्यांना.
— एक गृहिणी, शहापूर

वहिनी, माझी चूक कबूल. बेळगावच्या पावसात उघडा एमडीएफ पापडासारखा फुगतो, हे मी लिहायला हवं होतं. त्यांना सांगा, १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, खाली लाकडी चौकट ठोका, आणि रंग वरून लावाल तेवढाच खालूनही लावा. एकाच बाजूला रंग लावला की दुसरी बाजू ओल पिते आणि बोर्ड वाकतो. रुळांच्या जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायलाही सांगा.

टेबल सोडवायचं तर बोर्डाची एक लांब बाजू बिजागरीनं भिंतीला जोडा. काम झालं की वर उचलून कडी लावायची. इमारती पक्क्या चिकटवू नयेत, खाली दोन खिळे ठेवून भोकांत बसवाव्यात, म्हणजे उचलण्याआधी काढून डब्यात भरता येतात. गेरू घासणं आणि वाळू चाळणं अंगणात. फेव्हिकॉल घातलेली खडी सुकायला मात्र पूर्ण रात्र लागते. तेवढी एक रात्र पानं स्वयंपाकघरात मांडा.